मुलाची भाषा टिपायची तर आधी घर ऐका

लहान मुलांच्या मराठीवर काम करायची इच्छा असलेले विद्यार्थी मराठी, भाषाशास्त्र, शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र अशा सगळ्या विभागांत भेटतात. बहुतेकांच्या मनातला आराखडा एकच असतो: एक मूल निवडायचं, त्याचं बोलणं रेकॉर्ड करायचं, चुका मोजायच्या आणि वयानुसार तक्ता करायचा. या आराखड्यात घर कुठेच नसतं. मूल भाषा शिकतं ती आजीची, आईची, शेजारच्या काकूंची, थोरल्या भावाची. त्यांचं बोलणं नोंदीत नसेल, तर मुलाच्या कोणत्या वाक्याला चूक म्हणायचं हेही ठरवता येत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या मूल आणि घर दोन्ही एकत्र धरून मांडल्या आहेत.

प्रश्न लहान करा

‘मराठी मुलांचा भाषाविकास’ हा प्रबंधाचा विषय होऊ शकत नाही, तो अख्ख्या विभागाला आयुष्यभर पुरेल. एका वर्षात एका माणसाच्या हातून होईल असा प्रश्न शोधा. ‘घोडा, आंबा, मामा अशा आकारान्त नामांना मूल ला-ने-चा हे प्रत्यय कसे लावतं?’ हा चांगला प्रश्न आहे. ‘चार ते सहा वयाची मुलं ऐकलेली गोष्ट परत सांगताना कोणते प्रसंग ठेवतात आणि कोणते गाळतात?’ हाही चांगला आहे. ‘आजी नातवंडाशी कुठली बाळबोली वापरते आणि मूल ती कधी सोडतं?’ यावर तर मराठीत अजून भरपूर काम व्हायला वाव आहे.

प्रश्न ठरवण्याआधी शोधगंगा या संकेतस्थळावर बसा. भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. बोलींबद्दल काही पाहायचं असेल तर डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेलं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण पाहा. ज्या जिल्ह्यातल्या घरात तुम्ही जाणार आहात तिथली मोठी माणसं कशी बोलतात याचा अंदाज त्यातून येतो, आणि तो पुढे फार उपयोगी पडतो.

परवानगी, आणि ती कोणाची

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं मुळात आरोग्य-संशोधनासाठी असली, तरी मुलांसोबत काम करताना कोणीही ती डोळ्यांपुढे ठेवावीत. त्यांनुसार ७ वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची लेखी संमती लागते. ७ ते १२ वयाच्या मुलाला समजेल अशा शब्दांत सांगून त्याचा तोंडी होकारही घ्यावा लागतो. १२ ते १८ वयासाठी हा होकार लेखी हवा. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो. विद्यापीठाच्या नीतिसमितीकडे अर्ज लवकर टाका, मंजुरीला वेळ लागतो.

कागदावरची परवानगी आई-बाबांची असते, पण घरात रेकॉर्डरपुढे सर्वांत जास्त बोलते ती आजी. तिलाही विचारा. बाहेरच्या खोलीत बसणाऱ्या काकांना आणि घरकामाला येणाऱ्या मावशींनाही विचारा. त्यांचाही आवाज त्यात येणार आहे. कोणी ‘माझं नको’ म्हणालं तर ते घरात असतील त्या वेळी रेकॉर्डिंग करू नका. आणि तीन वर्षांचं मूल ‘बंद कर’ म्हणालं तर बंद करा. त्याचं वय सहीचं नसलं तरी त्याला नको म्हणायचा अधिकार आहे.

नावं बदलणं पुरेसं नसतं. दोनशे उंबऱ्यांच्या गावात ‘सरपंचांची नात, वय ३’ असं लिहिलं की तिची ओळख उघडीच पडते. तालुका आणि वय ठेवा, बाकी पुसट करा. मुलाच्या गोड बोलण्याची क्लिप व्हॉट्सॅपवर मित्रांना पाठवायचा मोह प्रत्येकाला होतो. ती क्लिप तुमची नाही.

रेकॉर्डरआधी घराची नोंद

पहिल्या दोन-तीन भेटी काहीही रेकॉर्ड न करता द्या. चहा घ्या, गप्पा मारा आणि घरी परतल्यावर वहीत लिहा. घरात कोण कोण राहतं? आईचं माहेर कुठलं, आजीचं कुठलं? सासू सातारची, सून अमरावतीची असेल तर मुलाच्या कानावर एकाच घरात दोन मराठी पडतात. कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतं? बाबा मुलाशी इंग्रजीत बोलायचा प्रयत्न करतात का? टीव्हीवर हिंदी कार्टून किती वेळ चालू असतं? मूल अंगणवाडीत जातं, पाळणाघरात की दिवसभर घरीच असतं? अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या मराठी घरावर काम करत असाल तर ही नोंद अधिकच गरजेची आहे. तिथे मूल मराठीत समजून इंग्रजीत उत्तर देतं, आणि कोणापुढे मराठी बोलतं आणि कोणापुढे नाही, यातच अर्धं संशोधन असतं.

त्याच वहीत घराच्या बाळबोलीचं एक पान करा. मंमं, भुर्र, गाई, जोजो, बाऊ, माऊ, बाप्पा हे शब्द बहुतेक घरांत सापडतात, पण प्रत्येक घरात त्याशिवाय दोन-चार स्वतःचे शब्द असतात. ते मुलाने काढलेले की मोठ्यांनी, हे लगेच विचारून ठेवा. सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

मोठी माणसं मुलाबद्दल कोणत्या लिंगात बोलतात तेही लिहा. ‘माझं बाळ ते’, ‘उठलं का सोनं?’ असं नपुंसकलिंग आपल्याकडे सर्रास चालतं. तेच मूल पुढे स्वतःबद्दल बोलताना ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’वर येतं. मधल्या काळात ते स्वतःला नावाने हाक मारतं आणि ‘चिनूला पाहिजे’ असं म्हणतं. या प्रवासाची नीट नोंद एका मुलाची जरी झाली तरी ती मौल्यवान आहे.

रेकॉर्डिंग

साधा मोबाइल चालतो. मात्र वेव्ह स्वरूपात नोंद करणारं अॅप घ्या. एमपी३मध्ये आवाज दाबला जातो आणि स, श, च असे बारकावे पुसट होतात. मोबाइल पंख्याखाली, भिंतीला टेकवून किंवा थेट स्टीलच्या टेबलावर ठेवू नका. खाली एक घडी घातलेला टॉवेल ठेवा. कुकरची शिट्टी चालेल, सतत चालणारा मिक्सर आणि टीव्ही चालत नाही.

कधी रेकॉर्ड करायचं? जेवण, अंघोळ, संध्याकाळचं अंगण, झोपण्याआधीची गोष्ट. मूल जिथे असेल तिथे तुम्ही जा. कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलं गुरांमागे जात होती तिथेच कुरणशाळा नेली. भाषेच्या संशोधकालाही ती वाट लागू पडते. मुलाला आणून खुर्चीत बसवलं आणि ‘हे काय आहे? याचा रंग कोणता?’ सुरू केलं की हाती फक्त एकेका शब्दाची उत्तरं लागतात. तुम्ही कमी बोला. आजीला बोलू द्या.

पंधरवड्यातून एकदा अर्धा तास, हे वर्षभर टिकवणं महिन्यातून एकदा चार तास करण्यापेक्षा चांगलं. शिवाय जोडीला वही ठेवाच. मुलांच्या भाषेचा अभ्यास मुळात वह्यांतूनच सुरू झाला. चार्ल्स डार्विनने स्वतःच्या मुलाच्या पहिल्या दिवसांच्या नोंदी ठेवल्या आणि त्या १८७७ साली प्रसिद्ध केल्या. भाषाशास्त्रज्ञ वेर्नर लेओपोल्ड यांनी आपल्या मुलीच्या इंग्रजी-जर्मन द्वैभाषिकतेची नोंद चार खंडांत केली, ते १९३९ ते १९४९ या काळात आले. वहीत दुर्मीळ गोष्टी पकडल्या जातात, ज्या अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये हमखास निसटतात. तिचा दोष असा की आपण गमतीचंच लिहितो. मुलाने नीट बोललेली पन्नास वाक्यं कानावरून जातात आणि एक्कावन्नावं बोबडं वाक्य वहीत येतं. म्हणून प्रमाण काढायचं ते रेकॉर्डिंगवरून, वहीवरून नाही.

उतरवून काढणं

सर्वांत जास्त वेळ आणि सर्वांत जास्त प्रामाणिकपणा इथे लागतो. एका तासाच्या रेकॉर्डिंगला दहा तास सहज जातात. एलान हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. त्यात प्रत्येक बोलणाऱ्यासाठी वेगळी ओळ ठेवता येते आणि आवाज त्या त्या ओळीला बांधलेला राहतो. मुलाचं वय ‘२;०७’ असं लिहा, म्हणजे २ वर्षं ७ महिने. जगभर हीच पद्धत आहे.

आता एक छोटा तुकडा घेऊ. समजा रेकॉर्डिंगमध्ये हे ऐकू येतं:

आजी: मामाला पानी दिलंस का गं?
मुलगी (३;०१): माम्याला देलं.
आजी: कधी दिलंस?
मुलगी: आत्ता देलं. ग्लासात देलं पानी.

घाईत असलेला विद्यार्थी मुलीचं वाक्य तेवढं वेगळं काढतो आणि शेऱ्यात लिहितो: ‘तीन चुका. मामाला ऐवजी माम्याला, दिलं ऐवजी देलं, ण ऐवजी न.’ मग आजीचं ‘पानी’ सवयीने ‘पाणी’ करून टाकतो, कारण शाळेत तसंच शिकवलं आहे. झालं, निष्कर्ष तयार: या मुलीला ण म्हणता येत नाही.

खरं काय घडलं ते पाहा. आजी ‘पानी’ म्हणाली, नात ‘पानी’ म्हणाली. इथे चूक कुठेच नाही, तिने घरातली मराठी बरोबर उचलली आहे. ‘माम्याला’ मात्र आजीने उच्चारलेलंच नाही. उलट आजीचं ‘मामाला’ नुकतंच कानावर पडूनही मुलगी ‘माम्याला’ म्हणते. घोडा–घोड्याला, आंबा–आंब्याला, डबा–डब्याला हा नियम तिने स्वतः काढला आणि मामालाही लावला. मामा, काका, दादा, बाबा ही नात्याची नामं आणि राजासारखी आणखी काही या नियमाला अपवाद आहेत, ते तिला अजून कळायचं आहे. ही चूक म्हणजे व्याकरण हाती आल्याचा पुरावा आहे.

उरलं ‘देलं’. इथे लगेच निकाल देऊ नका. ‘दे’ला सरळ ‘लं’ जोडून तिने ते स्वतः बनवलं असेल. आजी ‘दिलंस’ म्हणते, त्यामुळे ही शक्यता मोठी आहे. पण मराठीच्या काही बोलींत मोठी माणसंही ‘देल्लं’ म्हणतात. आई तिकडची असेल तर? उत्तर पहिल्या भेटींत केलेल्या घराच्या वहीत आहे. ती वही नसेल तर या शब्दाबद्दल तुम्हाला काहीही म्हणता येणार नाही.

असंच दुसरं उदाहरण. पुण्यातली साडेतीन वर्षांची मुलगी ‘मी जातो’ म्हणाली तर घरात भाऊ आहे का, हे पाहावं लागेल. तीच मुलगी कोल्हापुरातली असेल तर पाहायचं काहीच नाही. तिथे आई, मावशी, आजी सगळ्याच ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात. नागपूरकडचं मूल ‘तो खेळून राहिला’ म्हणतं, कारण त्याचं घर तसंच बोलतं. प्रमाण मराठीच्या फूटपट्टीने मोजलं तर ही सगळी मुलं मागे दिसतील, आणि ते धादांत खोटं असेल. अशा खोट्या तक्त्यांवरून पुढे कोणीतरी शाळेत त्यांना ‘कच्ची’ ठरवतं. मला या विषयात सर्वांत जास्त चीड कशाची येत असेल तर ती याची.

काय लिहायचं आणि काय गाळायचं हे ठरवतानाच आपण अर्धा निष्कर्ष काढलेला असतो, हे मुलांच्या भाषेच्या अभ्यासक एलिनॉर ओक्स यांनी १९७९ साली मांडलं. म्हणून काही नियम आधीच ठरवून पहिल्या पानावर लिहा. सगळ्यांचं बोलणं जसं ऐकू येईल तसं लिहायचं, मोठ्यांचंही. ‘केलं’ला ‘केले’ करायचं नाही. चार आणि चूल यांतले दोन च वेगळे दाखवायचे असतील तर एकाखाली नुक्ता, म्हणजे टिंब, द्या. मुलाचा उच्चार एका ओळीत आणि त्याला अभिप्रेत शब्द खालच्या ओळीत द्या: वर ‘ताका’, खाली ‘काका’. ऐकू आलं नाही तिथे अंदाज लिहू नका, ‘अस्पष्ट’ लिहा. हावभावही नोंदवा. बोट दाखवून म्हटलेलं ‘ते’ आणि नुसतं ‘ते’ यांत फरक आहे.

मोजणी

वाक्याची सरासरी लांबी हे जुनं आणि कामाचं माप आहे. हार्वर्डमध्ये मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी अॅडम, ईव्ह आणि सारा या तीन मुलांवर केलेल्या कामामुळे ते रुजलं. पण ते इंग्रजीसाठी बनलं, आणि त्यात शब्दाचे अर्थपूर्ण तुकडे मोजतात. मराठीत ‘झाडाखालचं’ हा शब्द एक की चार? सामान्यरूपाचा, म्हणजे प्रत्ययाआधी झाडचं झाडा होतं त्यातला, ‘आ’ वेगळा धरायचा का? यावर चांगल्या अभ्यासकांचंही एकमत होत नाही. नवख्याने सरळ शब्द मोजावेत, तसं स्पष्ट लिहावं आणि आपले आकडे इंग्रजी मुलांच्या आकड्यांशेजारी ठेवू नयेत.

मुलाच्या कानावर किती शब्द पडतात हे मोजायचं असेल तर एक वाद माहीत असायला हवा. बेटी हार्ट आणि टॉड रिझली यांनी अमेरिकेतल्या ४२ कुटुंबांत अडीच वर्षं दरमहा तासभर नोंदी केल्या आणि १९९५ साली सांगितलं की गरीब घरांतली मुलं फार कमी शब्द ऐकतात. हा निष्कर्ष जगभर गाजला. त्यांनी मुख्यतः मुलाशी थेट बोललेलं मोजलं होतं. २०१९ साली डग्लस स्पेरी, लिंडा स्पेरी आणि पेगी मिलर यांनी आजूबाजूला चाललेलं, मुलाच्या कानावर पडणारं बोलणंही धरलं, तेव्हा ते मोठं अंतर त्यांना तसं दिसलं नाही. आपल्या चाळीत, वाड्यात, एकत्र कुटुंबात मुलाभोवती दिवसभर माणसं एकमेकांशी बोलत असतात. ते बोलणं बाजूला सारून केलेली मोजणी आपल्या घरांसाठी निरुपयोगी आहे. दोन रकाने करा, मुलाशी बोललेलं आणि मुलासमोर बोललेलं.

छोटी चाचणी, खोट्या शब्दांची

रेकॉर्डिंगमध्ये हवं ते रूप येईल याची खात्री नसते. अशा वेळी १९५८ साली जीन बर्को यांनी वापरलेली युक्ती घ्या. त्यांनी काल्पनिक प्राण्यांची चित्रं दाखवून इंग्रजी मुलांकडून अनेकवचनं काढून घेतली. मुलाने तो शब्द कधीच ऐकलेला नसल्यामुळे पाठांतराची शंका राहत नाही. मराठीत हे असं करता येईल: एका विचित्र प्राण्याचं चित्र दाखवा. ‘हा भिपा आहे. भिपाला...’ असं मात्र म्हणू नका, उत्तर तुम्हीच दिलंत. म्हणा, ‘हा भिपा. हा भुकेला आहे. आपण कोणाला चारा देऊ या?’ मूल ‘भिप्याला’ म्हणतं की ‘भिपाला’ ते लिहा. अनेकवचनासाठी: ‘हे एक लिपाड. आता इथे दोन काय आहेत?’ उत्तर ‘लिपाडं’ आलं तर नपुंसकलिंगी अनेकवचनाचा नियम त्याच्या हाती आला आहे. सहा-सात शब्द पुरेत, त्याहून जास्त झाले की मूल कंटाळतं आणि काहीही बोलू लागतं. उत्तर कसंही आलं तरी ‘शाब्बास’ एकाच सुरात म्हणा.

गोष्टी आणि ओव्या

साहित्याकडून या विषयात येणाऱ्यांसाठी चिऊकाऊची गोष्ट ही सोन्याची खाण आहे. चिऊचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं, पाऊस, दार वाजवणं आणि ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते’. हे जवळजवळ प्रत्येक घरात सांगितलं जातं, पण शेवट घरोघरी बदलतो. कुठे काऊला तव्याचा चटका बसतो, कुठे चिऊ त्याला आत घेते. आधी आजीची गोष्ट रेकॉर्ड करा, मग आठवड्याने मुलाची. दोन्ही शेजारी ठेवून पाहा: दार उघडण्याचा संवाद किती वेळा आला, ‘मग’ आणि ‘आणि’ यांनी वाक्यं कशी जोडली, चिऊचा आवाज काढताना मुलाने सूर बदलला का, शेवट आजीचा ठेवला की स्वतःचा घातला. आजीची आवृत्ती नसताना मुलाने ‘प्रसंग गाळला’ असं लिहिणं म्हणजे तुमच्या लहानपणच्या आवृत्तीशी त्याची तुलना करणं.

अंगाया आणि पाळणे गोळा करत असाल तर हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेलं जात्यावरच्या ओव्यांचं काम बघा. हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा झाल्या. ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘पारी’ या संस्थेने २०१७पासून त्या ध्वनिमुद्रणांसह लोकांपुढे आणल्या आहेत. लेकीवरच्या, लेकावरच्या, भाच्यावरच्या ओव्या त्यांत मुबलक आहेत. नवख्याने त्यांतून शिकायचं ते हे की ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. ‘लोकगीत’ एवढाच शिक्का मारला की गाणारी बाई गायब होते. मुलांच्या बाबतीत नाव झाकायचं, पण ओव्या गाणाऱ्या प्रौढ बाईला तिचं नाव हवं असेल तर ते द्यायचंच.

लिहिण्याआधी आणि लिहिताना

मूळ ध्वनिफायली कधीही कापू नका, प्रतीवर काम करा आणि दोन जागी साठवा. उतारा पूर्ण झाला की घरी जाऊन आईला आणि आजीला वाचून दाखवा. तुम्ही ‘अस्पष्ट’ लिहिलेल्या कितीतरी जागा त्या क्षणात उलगडतात. काही भाग काढून टाका म्हणाल्या तर निमूट काढा. पालकांची वेगळी संमती मिळाली तर सामग्री चाइल्ड्स या मुलांच्या बोलण्याच्या जागतिक संग्रहाकडे देण्याचा विचार करा. ब्रायन मॅकव्हिनी आणि कॅथरीन स्नो यांनी तो १९८४ साली सुरू केला. तिथे दिलेला नीट उतारा पुढची कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या उपयोगी पडतो.

लेख एका मुलावरचा असेल तर मथळ्यात ‘मराठी मुले’ लिहू नका. ‘सांगली जिल्ह्यातील एका मुलीच्या बोलण्यातील सामान्यरूप: वय २;०६ ते ३;०६’ असं लिहा. मार्गदर्शक म्हणतील, एवढा लहान मथळा? त्यांना सांगा, एवढंच ऐकलं आहे आणि एवढ्याचीच खात्री आहे. मथळ्याखाली पहिलाच परिच्छेद घरावर द्या: कोण राहतं, कोण कुठलं, कोण काय बोलतं. मुलीचं पहिलं वाक्य त्यानंतर येऊ द्या.